घरचं गॅरेज : वाचकांचे प्रश्न, चिपळूणहून उत्तरं

या महिन्यात पत्रं पुष्कळ आली, त्यांतली बरीचशी पावसाच्या तोंडावरची. या धंद्यात माझी चाळीस वर्षं गेली. आता गॅरेज मुलगा बघतो, मी संध्याकाळी जाऊन बसतो. खाली लिहिलंय ते सगळं हाताने केलेल्या कामावरून. तरी मी एखादा आकडा दिला असला, तर आधी गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडून ताडून घ्या. बहुतेकांचं ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत तसंच असतं.

माझी पेट्रोलवरची छोटी गाडी नऊ वर्षांची आहे. सुट्टीत इंजिन ऑइल आणि फिल्टर स्वतः बदलायचा विचार आहे. घरचे म्हणतात, हे बाईचं काम नव्हे, आणि गाडीखाली जाणं धोक्याचं आहे. काय काय लागेल? — एक शिक्षिका, सातारा

ताई, घरच्यांचं पहिलं म्हणणं सोडून द्या. दुसरं मात्र शंभर टक्के खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गाडीबरोबर मिळतो तो जॅक स्टेपनी बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर अंगाचा कुठलाच भाग गाडीखाली घालायचा नाही. १९८९ च्या पावसाळ्यात मी उमेदवारी करत होतो. गॅरेजबाहेरच्या मातीत एक मारुती जॅकवर घेतली आणि खाली शिरलो. सायलेन्सरचा क्लॅम्प तेवढा आवळायचा होता, पाच मिनिटांचं काम. उस्ताद आले, डिकीतली स्टेपनी काढून दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. मी खाली असतानाच जॅकचा पाय ओल्या मातीत कलला. गाडी आली ती त्या चाकावर. माझ्या छातीत आणि पत्र्यात चार बोटांचं अंतर राहिलं होतं. ते अंतर अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा पहिली खरेदी ऑइलची नाही, लोखंडी स्टँडच्या जोडीची. आमच्याकडे त्याला घोडी म्हणतात. जमीन फरशीची किंवा काँक्रीटची आणि सपाट हवी. पुढची बाजू उचलणार असाल तर मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. मागची बाजू उचलाल तेव्हा हँडब्रेकवर विसंबू नका. तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना धरतो आणि ती चाकं तर हवेत असतात. आमच्या कोकणात लोक गाडीखाली जांभ्याचा चिरा ठेवतात. चिरा भिंतीत शंभर वर्षं टिकेल, पण एका कोपऱ्यावर वजन आलं की सूचना न देता फुटतो. वीट आणि सिमेंटचा ब्लॉक यांचंही तेच. घोडीवर गाडी टेकली की दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा आणि मगच खाली जा. घरात कुणीतरी जागं असू द्या.

आता काम. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट झालं की पातळ होऊन नीट उतरतं. फार तापलेलं असेल तर हात भाजेल. खालचा ड्रेन बोल्ट रिंग पान्यानेच खोला. फिक्स पान्याने त्याचे कोपरे झिजतात. शेवटचे दोन आटे राहिले की बोल्ट वर दाबून धरत हातानेच फिरवा आणि एकदम बाजूला घ्या. दाबून धरला नाही तर ऑइल बाहीत शिरतं.

बोल्टबरोबरचं वॉशर दर वेळी नवं घाला. चेंबर, म्हणजे ऑइल साठतं ते इंजिनखालचं भांडं, बऱ्याच गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट लोखंडी. त्यामुळे परत बसवताना आधी चार-पाच आटे हाताने बसले पाहिजेत. वाकडा बसलेला बोल्ट पान्याने रेटलात की आटे गेले, आणि मग दोनशे रुपयांच्या कामाचं चेंबर बदलण्याचं काम होतं.

फिल्टर काढल्यावर एक गोष्ट कधीही चुकवू नका. जुन्या फिल्टरचं काळं रबरी रिंग त्याच्याबरोबर आलंय का ते बघा. कधी कधी ते इंजिनलाच चिकटून राहतं, ऑइलने काळं झालेलं, पत्र्यावर दिसतही नाही. बोट फिरवलं तरच कळतं. त्यावर नवा फिल्टर बसवलात तर दोन रिंगा एकमेकींवर बसतात आणि इंजिन चालू केल्याबरोबर तिथून ऑइलची धार लागते. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने थोडं नवं ऑइल चोळा. फिल्टर हाताने फिरवत न्या, रिंग टेकली की तिथून पाऊण फेरा, तोही हातानेच. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही.

ऑइल पुस्तकात लिहिलेल्याच नंबरचं घ्या. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण तीन-साडेतीन लिटर मावतं. सगळं एकदम ओतू नका. थोडं राखून ठेवा, इंजिन चालू करा, ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद. विझला की खाली वाकून गळतंय का बघा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि ऑइलची पातळी दाखवणारी दांडी पुसून मोजा. वरच्या खुणेच्या वर ऑइल जाऊ देऊ नका. जास्त ऑइलनेही इंजिनचं नुकसान होतं.

आणि उतरवलेलं काळं ऑइल गटारात नाही. घराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून ते फासायची पद्धत आपल्याकडे आहे, तीही सोडायला हवी. त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि जळलेल्या इंधनाचं विष असतं. कायद्यानेही ते घातक कचऱ्यातच मोडतं. रिकाम्या डब्यात भरून एखाद्या मोठ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. तिथून ते शुद्ध करणाऱ्यांकडे जातं. हातमोजे घाला, आणि मुलांना जवळ घेण्याआधी हात कोपरापर्यंत धुवा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी तीन-तीन आठवडे उभी असते. आता चावी फिरवली की फक्त टकटक होतं. बॅटरी गेली का? आणि सोसायटीत काम करू देत नाहीत. — एक वाचक, डोंबिवली

बॅटरी गेली असं आत्ताच म्हणू नका. साधा मल्टिमीटर आणा, तीन-चारशे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आलेली. चार्ज करून गाडी चालू केली आणि मीटरवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं, तर बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो नीट काम करतोय. नाही आलं तर नवी बॅटरी आणूनही महिन्यात हेच होणार. पुष्कळ लोक हे न मोजताच बॅटरी बदलतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पाच-सहा हजार उगाच जातात. आणखी एक, टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी साठली असेल तर ती आधी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन काढा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. तो जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना कुठे पत्र्याला टेकला, तर पाना लाल होईपर्यंत तापतो. दुसऱ्या गाडीवरून वायर लावून चालू करणार असाल, तर काळ्या वायरचं शेवटचं टोक बंद पडलेल्या बॅटरीवर न लावता त्याच बंद गाडीच्या इंजिनच्या एखाद्या उघड्या लोखंडावर लावा. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो.

सोसायटीचं म्हणणं ऑइल सांडण्याबद्दल असेल तर ते रास्त आहे. ऑइल तिथे उतरवू नका. हवा, बॅटरी, वायपरची रबरं, एसीचा फिल्टर या कामांना कुणी हरकत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवा. नुसती जागेवर चालू ठेवून फारसा उपयोग होत नाही.

मागच्या पावसात आमच्या गल्लीत पाणी शिरलं आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर मी चालू करून बघणार होतो, शेजाऱ्यांनी अडवलं. त्यांचं बरोबर होतं का? यंदा तसं झालं तर घरी काय करता येईल? — एक वाचक, सांगली

शेजाऱ्यांनी तुमचं इंजिन वाचवलं. त्यांना पेढे द्या.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माझं गॅरेजही पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर पुढचे कितीतरी आठवडे आम्ही चिखलाने भरलेल्या गाड्याच उघडत होतो. त्यांतला एक माणूस गाडी ढकलत आणून म्हणाला, ‘चावी एकदाच फिरवली हो, एकदाच टक् असा आवाज आला.’ इंजिन खोललं तर एका पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकून गेला होता. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी साठलेलं असताना पिस्टन वर आला की त्याचा जोर जायला जागा नसते, आणि मग रॉड वाकतो. त्या माणसाची गाडी फक्त भिजली होती. त्या एका टकने इंजिन गेलं. तो रॉड मी अजून खिळ्याला टांगून ठेवलाय. पावसाळ्यात कुणी बुडालेल्या गाडीची चावी फिरवायचं बोलू लागलं की काढून हातात देतो.

म्हणून पाणी उतरल्यावर पहिलं काम फोटो काढण्याचं. आत आणि बाहेर पाण्याची रेघ कुठपर्यंत आली आहे ते नीट दिसू द्या, विम्यासाठी लागतं. बुडालेली गाडी चालू केल्याने इंजिन गेलं तर साध्या विम्यात ते बहुतेक वेळा धरत नाहीत. त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. नदीकाठी राहत असाल तर पुढच्या वर्षी ते घ्याच. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. चावी ‘ऑन’सुद्धा करू नका, कारण ओल्या वायरिंगमध्ये करंट गेला की कनेक्टरच्या पिना हिरव्या पडून सडू लागतात.

बॉनेट उघडून ऑइलची दांडी काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद भिजलेला किंवा त्यावर गाळ असेल तर पाणी पुढेही गेलं असं समजा. या दोन खुणा बघून गॅरेजला फोन करा आणि गाडी उचलून न्यायला सांगा, ओढून नाही.

गाडी न्यायला वेळ लागतोच, पुरात तर चार-चार दिवस. तेवढ्यात घरी करण्यासारखं मोठं काम आहे. चारी दारं उघडी ठेवा. मॅट काढा, जमलं तर सीटचे बोल्ट खोलून सीट बाहेर घ्या. मात्र सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतील तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावू नका. कार्पेट उचललं की त्याखालचा जाड फोम पाण्याने भरलेला दिसेल. वरून कोरडा वाटतो, पण मूठ दाबली की पाणी सुटतं. महिन्याभराने येणारा कुबट वास आणि पत्र्याचा गंज तिथूनच सुरू होतो. बऱ्याच गाड्यांच्या तळाच्या पत्र्यात रबरी बुचं असतात. ती काढलीत की पाणी निघून जातं. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, त्यांत गाळ बसलेला असतो, तो तारेने मोकळा करा.

गाडी विजेवरची किंवा हायब्रिड असेल, तर यातलं काहीही करू नका. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की दूर व्हा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा.

बॉनेटमध्ये उंदीर वायरी कुरतडतात. तंबाखू बांधून उपयोग होतो का? — एक वाचक, इस्लामपूर

चार दिवस होतो, वास गेला की उंदीर परत येतात. रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवा, म्हणजे त्यांना आडोसा आणि ऊब मिळणार नाही. गाडीत खाण्याचा कण ठेवू नका. पण सकाळी पेट्रोलचा वास आला तर चावी फिरवू नका. उंदीर पेट्रोलचे रबरी पाइपही खातात.

पुढचे ब्रेकपॅड घरी बदलावेत का? व्हिडिओ पाहून सोपं वाटतं. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने चिपळूणला येतो. — एक वाचक, कराड

दादा, तुम्ही घाटाचं नाव लिहिलंत हे बरं केलंत. काम अवघड नाही, पण पहिल्या वेळी जाणत्या माणसाला शेजारी उभं करून करा. पुढच्या वेळी एकटे करा. मी माझ्या मुलालाही असंच शिकवलं.

कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा भाग, सुटला की तो ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही. तारेने स्प्रिंगला बांधायचा. कॅलिपरमधला पिस्टन आत ढकलताना वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, तिकडे लक्ष ठेवा. रंगावर सांडलं तर रंग उचलतं. एका बाजूचे पॅड बदलले की दुसऱ्या बाजूचेही त्याच दिवशी. जमिनीवर टेकल्यावर चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. आणि सगळं झाल्यावर, गाडी तसूभर हलवण्याआधी, पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिली दोन-तीन पेडलं पोकळ जातात. गेटमधून बाहेर पडतानाच गाडी समोरच्या भिंतीवर गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. मागे बटणाचा हँडब्रेक असेल तर मागच्या पॅडना घरी हात लावू नका. तो पिस्टन मशीन लावल्याशिवाय मागे जात नाही.

पॅड सगळ्यांना दिसतात, ब्रेक ऑइल कुणी बघत नाही. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि आपल्याकडची पावसाळी हवा तुम्हाला माहीत आहे. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ च्या आसपास उतरते. कुंभार्ली उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलात, की चाकाजवळचं ऑइल तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, मग पेडल थेट फळीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या, आणि ते काम गॅरेजमध्येच. त्यात हवा राहिली तर घरी कळत नाही, घाटात कळतं. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

काका, मी सतरा वर्षांचा आहे. आजोबांची कार्बोरेटरवाली मारुती ८०० मांगरात चार वर्षं उभी आहे. आजोबा आता नाहीत. मला ती चालू करायची आहे. बॅटरी नवी आणू का? — एक विद्यार्थी, देवरुख

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बॅटरी सगळ्यात शेवटी.

पहिली ८०० १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत हरपाल सिंग यांना मिळाली, इंदिरा गांधींनी चावी दिली होती. २०१४ मध्ये शेवटची निघाली. म्हणजे तीस वर्षं ती निघत होती, त्यामुळे तिची कामं येणारा मिस्त्री तुला देवरुखातही मिळेल, पार्टही मिळतील. इंजिन फक्त ७९६ सीसीचं, तीन सिलेंडरचं, आणि बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं. शिकायला याहून चांगली गाडी नाही.

पण चार वर्षं उभ्या इंजिनला एकदम स्टार्टर मारायचा नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल कुजून डिंकासारखं झालं असेल. ते मिस्त्रीकडून काढून घे, एकटा करू नकोस, आणि मांगराच्या बाहेर, गवतापासून लांब, चूल-विडी काही नसेल तिथेच. रबरी पाइप सगळे नवे. टायरवर ‘डॉट’ लिहिल्याच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १२१८ म्हणजे २०१८ चा बारावा आठवडा. इतके जुने टायर नक्षी शाबूत असली तरी रस्त्यावर न्यायचे नाहीत.

तू स्वतः करायचं ते हे. गाडी न्यूट्रलमध्ये घे, चाकांना ठोकळे लाव. तिन्ही प्लगभोवतीची माती फुंकून साफ कर, नाहीतर ती आत पडेल. प्लग काढ आणि ज्या क्रमाने काढलेस त्या क्रमाने कागदावर मांड, वायरींना चिकटपट्टीवर १, २, ३ लिही. प्रत्येक भोकात चमचाभर नवं इंजिन ऑइल सोड आणि एक रात्र जाऊ दे. दुसऱ्या दिवशी खालच्या पुलीच्या बोल्टला पाना लाव आणि इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हळू फिरव. दिशा आधी मिस्त्रीला विचारून घे. अडलं तर जोर लावायचा नाही. आणखी ऑइल, आणखी एक रात्र. पाना सहज पुढे सरकू लागला आणि प्लगच्या भोकातून ‘फुस्’ असा श्वास ऐकू आला, की इंजिन जिवंत आहे.

टायमिंग बेल्ट, ब्रेक आणि कागदपत्रांचं नंतर बघू. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी नवी करावी लागते, आणि तुझं लायसन्स अठरा पूर्ण झाल्यावरच. तोवर मांगरात पुष्कळ काम आहे.

पुलीचे पूर्ण दोन फेरे झाले की मला कळव. आणि तिन्ही प्लगची टोकं कशी दिसतात, काळी, तेलकट की तपकिरी, तेही लिही. पुढचं त्यावरून सांगतो.